खालच्या गोठ्यातल्या अकराजणी

१

"पद्मा, आकडा लिहायच्या आधी वस्तूला हात लाव. लांबून मोजलेलं माझ्यासमोर आणू नकोस."

गणपतरावांना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी पद्मावती उपाध्ये यांच्या कानात हा आवाज रोज सकाळी येई. लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या हिशेबाच्या पेढीत शिकत असताना या गुरूनं त्यांना गुळाच्या वखारीत उभं करून एकेका रव्याला, म्हणजे ढेपेला, हात लावायला लावलं होतं. संध्याकाळी हाताला मुंग्या चिकटत. पण आकडा चुकत नसे.

आता पद्मावती एकसष्ट वर्षांच्या होत्या. रोज पहाटे सामायिकाचं ध्यान झालं की त्या दिवसापुरता एक नियम घ्यायच्या. आज मीठ नाही, उद्या तूप नाही. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. गाळून उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन त्या शिरोळला पोचल्या, तेव्हा 'सुपार्श्व डेअरी'च्या शेतावरच्या ऑफिसात कागदपत्रांचं कपाट उघडं होतं आणि एका फाईलची जागा रिकामी होती.

फायलींच्या पाठींवर धूळ होती. फक्त त्या फटीत, चार बोटं रुंद, स्वच्छ पट्टा दिसत होता. ती फाईल होती २०२१ सालच्या महापुराची: मेलेल्या म्हशींची यादी, डॉक्टरांचे दाखले, विम्याचा दावा. पद्मावतींनी ती कालच मागितली होती.

फाईल एवढी महत्त्वाची का, हे कंपनीत सगळ्यांना समजलं होतं असं नाही. सुपार्श्वला आपले शेअर बाजारात आणायचे होते. त्यासाठी हिशेब नव्या लेखा मानकांप्रमाणे मांडायचे, आणि ते काम पद्मावतींकडे होतं. जुन्या पद्धतीत म्हैस खरेदीच्या किमतीला वहीत बसायची आणि दरसाल थोडी थोडी घटायची. ती दूध देते की नुसती चारा खाते, हे वही विचारत नसे. नवी मानकं विचारतात की आज बाजारात हिचं काय येईल? आणि वर्षभरात किती जन्मल्या, किती घेतल्या, किती मेल्या, हेही सांगा म्हणतात. शिवाय ही पद्धत पहिल्यांदा धरताना मागचं वर्षही नव्यानं मांडून दाखवावं लागतं.

मागचं वर्ष म्हणजे महापुराचं वर्ष. खालच्या गोठ्यातल्या एकशे सत्त्याण्णव म्हशी त्यात मेल्या होत्या, आणि त्यांना सोडवायला गेलेला एक माणूसही, असं कुणीतरी ओझरतं म्हणालं होतं. फाईलीत त्या माणसाचं नाव असेल, असं पद्मावतींना वाटलं होतं.

कपाटाला कुलूप होतं आणि ते फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक शेताचे व्यवस्थापक हंबीरराव यांच्याकडे, दुसरी अध्यक्षांचा पुतण्या सम्मेद याच्याकडे. तो हिशेबखात्याचा प्रमुख. शिवाय जनावरांचे डॉक्टर धैर्यशील सरनोबत हंबीररावांच्याच खुर्चीत बसून रोज चहा घेत, तेव्हा किल्ली टेबलावर पडलेली असे.

पद्मावतींनी कपाट बंद करता करता शेजारची फाईल सरळ केली. फाईल नव्हतीच ती. लाल कापडी बांधणीचं दुधाचं रजिस्टर होतं, त्याच सालचं. चोरानं ते तसंच ठेवलं होतं.

"हे कसं राहिलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि रजिस्टर पिशवीत टाकलं.

२

फाईल नसली तरी जितकी जनावरं जिवंत आहेत तितकी मोजायचीच होती. हंबीररावांनी सावलीत खुर्ची टाकून दिली आणि गडी कानातल्या बिल्ल्यांचे नंबर ओरडून सांगतील, बाईंनी नुसतं लिहून घ्यावं, असं सुचवलं. पद्मावतींनी पदर खोचला आणि शेणातून चालत पहिल्या म्हशीपाशी गेल्या.

दुपारपर्यंत चारशेच्या वर कान त्यांच्या हाताखालून गेले. कान गरम, आतून मऊ, आणि बिल्ल्याभोवती थोडा खरखरीत. मग शेवटच्या ओळीत एका म्हशीच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. कानाची कड कातरलेली होती. करंगळी बसेल एवढी खाच, कधीच भरून आलेली, कडा निबर झालेल्या. नवा बिल्ला दुसऱ्या कानात होता.

पुढच्या म्हशीलाही तशीच खाच. त्याच कानाला, त्याच जागी. पुढचीलाही. अशा अकरा निघाल्या. वहीत या अकराजणींसमोर लिहिलं होतं: 'खरेदी, ऑगस्ट २०२१, दुभत्या.' विकणाऱ्याचं नाव नव्हतं. आणि दूध? गडी हसले. या म्हाताऱ्यांनी इथे आल्यापासून तांब्याभर दूध दिलं नव्हतं.

तेवढ्यात शेणाची पाटी घेऊन एक पन्नाशीची बाई आली. तिला बघून त्या अकराही म्हशींनी माना वळवल्या. बाईनं पाटी खाली ठेवली आणि एकेकीला हाक मारत गेली. राधी. कोसली. पुतळी. ज्या नावाची हाक, तीच म्हैस हुंकार द्यायची.

या नव्या म्हशींची नावं हिला कशी ठाऊक, असं पद्मावतींनी हळूच विचारलं. बाईनं इकडेतिकडे बघितलं.

"नव्या कशाच्या, आक्का? ह्या खालच्या गोठ्यातल्या हायत. कागदावर मेल्याली जित्राबं ही."

३

तिचं नाव तानाबाई पोवार. महापुरात बुडालेला माणूस म्हणजे तिचा नवरा, सयाजी.

तिनं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, हातातलं शेण वाळेपर्यंत. त्या शुक्रवारी दुपारी पाणी खालच्या गोठ्यात शिरलं. गडीमाणसं रस्त्यावर उभी राहून बघत होती, कारण दावी सोडायची नाहीत असा वरून सांगावा होता. वरून म्हणजे कुठून, ते कुणी विचारलं नाही. म्हशी ओरडायला लागल्या. सयाजीला ते ऐकवेना. तो विळा घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि दारापासून दावी कापत आत गेला. अकरा म्हशी पोहत रस्त्याला लागल्या. बारावी आली नाही, आणि सयाजीही.

कंपनीनं आठवड्यानं पत्र दिलं. सयाजी पोवार हे मद्यप्राशन करून, कोणाचीही परवानगी न घेता पाण्यात गेले, सबब कंपनी जबाबदार नाही. ते पत्र गावभर झालं. तिची लेक प्रियदर्शनी नर्सिंग शिकलेली, पण दोनदा सोयरीक ठरून मोडली. बाप दारूत बुडून मेला म्हणून.

"पैसं नगंत मला," तानाबाई म्हणाली. "त्यानं कधी तपकीर वडली न्हाय. त्यो पिऊन गेला न्हवता, एवढं तुमच्या त्या छापील कागदात लिवा की."

पद्मावती सहसा वचन देत नसत. दिलेलं मोडणं हे त्यांना खोटं बोलण्यापेक्षा मोठं पाप वाटे. म्हणून त्यांनी आधी शब्द मोजून घेतले. मग म्हणाल्या, "खरं काय ते सापडलं तर लिहीन. आणि कुणाच्याही हाती देण्याआधी तुला वाचून दाखवीन."

"घरी येऊन?"

"घरी येऊन."

४

हंबीरराव बोलायला मोकळे होते, प्रश्न सोयीचे असतील तोवर. पुराच्या आठवणी त्यांनी रंगवून सांगितल्या. मढी पार कुरुंदवाडच्या पुढं गेली, बाई, कर्नाटकात जाऊन लागली असतील. आपल्या हाताला पासष्ट लागली, तीच पुरली. दावी का सोडली नाहीत, हे विचारल्यावर मात्र त्यांनी पेंडीच्या पोत्यांची मोजणी काढली. दावी सोडायला माणूसच मिळाला नाही म्हणाले. महापुराच्या फाईलीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हे सांगताना ते आपल्या शर्टाचा वरचा खिसा चाचपत होते.

डॉक्टर धैर्यशील याच्या उलट. तोलून मापून बोलणारे. विमा कंपनीचा नियम साधा आहे, ते म्हणाले. कानाच्या तुकड्यासकट बिल्ला दाखवला नाही तर दावा नाही.

"आणि सगळे बिल्ले मिळाले?"

"एकशे सत्त्याण्णवच्या एकशे सत्त्याण्णव. मेलेल्या जनावरांचे कान मी माझ्या हातानं कापलेत."

त्यांनी हे अभिमानानं सांगितलं. पद्मावतींनी मान हलवली आणि बाटलीतलं दोन घोट पाणी घेतलं. पासष्ट मढी आणि एकशे सत्त्याण्णव कान. बाकीचे एकशे बत्तीस कान डॉक्टरांनी कर्नाटकातून आणले होते काय? आणि मेलेल्या कानाची जखम भरून येत नाही, हे जनावरांच्या डॉक्टरला आठवलं नव्हतं.

सम्मेदला त्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या मुख्य ऑफिसात भेटल्या. चतुर्दशी होती. चतुर्दशीला दुपारी बारापर्यंत त्यांचं मौन असे. तेव्हा त्यांनी पिशवीतून छोटी वही काढून प्रश्न लिहून दाखवला. सम्मेद प्रथमच थोडा हसला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक रात्रींची अपुरी झोप होती.

"आमच्या तात्याकाकांचंही असंच, मॅडम. अष्टाह्निकाच्या पर्वात आठ दिवस एक अक्षर बोलत नाहीत. सगळी कंपनी चिठ्ठ्यांवर चालते."

फाईल त्यानं घेतली नव्हती. किल्ली ड्रॉवरमध्ये होती, ती त्यानं काढून दाखवली. विम्याची रक्कम आली तेव्हा त्यानं नोंद केली, यादी तपासली नाही. काकांनी मंजूर केलेल्या कागदावर प्रश्न विचारायची घरात पद्धत नव्हती. पद्मावतींनी लाल रजिस्टर त्याच्यापुढे उघडलं. खालच्या गोठ्याच्या रकान्यात, पुराच्या आधीचे अकरा महिने, दुधाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. सम्मेदनं पानं उलटली. मग रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसला.

"सगळ्या भाकड होत्या," तो म्हणाला. "आणि विमा दुभत्या म्हणून."

५

अध्यक्ष तात्यासाहेब मगदूम रंकाळ्याच्या बाजूला राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षं, पांढरं धोतर, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाण्याआधी तोंडात पाणीही न घेणारा माणूस. पद्मावती त्यांना तीस वर्षं ओळखत होत्या. प्रवचनाला पहिल्या ओळीत बसणारे, अनवाणी चालणारे तात्यासाहेब. कंपनीच्या नियमावलीत त्यांनी स्वतः एक कलम घातलेलं होतं की सुपार्श्वचं एकही जनावर कसायाला विकलं जाणार नाही.

जिन्यावर पाय ठेवताना पद्मावतींच्या मनात तेच कलम होतं. नव्या मानकांचा एक साधा प्रश्न, आज बाजारात हिचं काय येईल, आणि या म्हशींपुरतं उत्तर एकच होतं. भाकड म्हशीला बाजारात एकच गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक इथे वर्ज्य. म्हणजे एकशे सत्त्याण्णव तोंडं मरेपर्यंत पोसायची, आणि शेअर घेणाऱ्यांना ते ताळेबंदात उघडं दाखवायचं.

तात्यासाहेबांनी जय जिनेंद्र केलं, बसायला चटई दिली. पुराचा विषय निघाला तेव्हा त्यांचे डोळे भरले, आणि ते खोटं नव्हतं. दावी सोडू नका असा सांगावा कुणी दिला, हे त्यांनाही ठाऊक नसल्याचं ते म्हणाले.

"अष्टाह्निक चालू होतं, पद्माताई. माझं मौन होतं. त्या आठ दिवसांत मी कुणाला एक शब्द सांगितलेला नाही. देवासमोर सांगतो."

यावर विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पद्मावती उठल्या. दाराशी भिंतीवर रोज एक पान फाडायची दिनदर्शिका होती, वर तिथी, खाली तारीख. फाडलेल्या पानांचा गठ्ठा पितळी डबीखाली पालथा ठेवलेला. वरच्या, आजच्याच पानाच्या कोऱ्या बाजूला तात्यासाहेबांच्या टपोऱ्या अक्षरात दुधाच्या टँकरची वेळ लिहिलेली होती.

"कागद म्हणजेही झाडाचा जीवच," मागून तात्यासाहेब म्हणाले. "वाया घालवत नाही मी."

पद्मावती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी, दर चतुर्दशीनंतर, सूनबाई दीपा फडताळातून, डब्याखालून, देवघरातून त्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायची. मौन धरणारा माणूस एक शब्द बोलत नाही. म्हणूनच तो सगळं लिहून ठेवतो.

६

शिरोळला पोचल्यावर त्या सरळ हंबीररावांसमोर बसल्या. आवाज नेहमीसारखा, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये असा.

"फाईल तुम्ही घेतलीत. डॉक्टरांनी घेतली असती, तर त्यांनी दुधाचं रजिस्टर आधी लपवलं असतं. म्हशी भाकड होत्या हे त्यातच आहे. सम्मेदनंही तेच केलं असतं. ज्याला दूध आणि हिशेब यांतलं काहीच नको होतं, ज्याला फक्त एक कागद हवा होता, त्यानंच नुसती फाईल उचलली. हंबीरराव, तात्यासाहेबांच्या दिनदर्शिकेचं, बावीस तारखेचं ते पान कुठे आहे?"

हंबीररावांचा हात पुन्हा खिशाकडे गेला. या वेळी तो तिथेच राहिला. 

"मोठ्या माणसाचं अक्षर, बाई," ते शेवटी म्हणाले. "जाळायला हात धजला न्हाय. दावायला बी न्हाय."

चार घड्यांचं, घामानं मऊ पडलेलं पान त्यांनी टेबलावर ठेवलं. एका बाजूला आषाढ शुद्ध त्रयोदशी, गुरुवार, २२ जुलै २०२१. पाणी शिरलं त्याच्या आदला दिवस. दुसऱ्या बाजूला टपोरं अक्षर: 'खालच्या गोठ्यातील दावी सोडू नयेत. डॉक्टर येऊन बिल्ले काढून घेतील.'

त्याच संध्याकाळी, ऊन उतरायच्या आत, पद्मावतींनी त्याची छायाप्रत तात्यासाहेबांच्या चटईवर ठेवली. सम्मेदला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. त्या सावकाश सांगत गेल्या. गुरुवारी धरणातून पाणी सुटल्याची बातमी आली. डॉक्टरांनी त्याच दिवशी खालच्या गोठ्यात उभ्या म्हशींचे कान कातरले, एकशे सत्त्याण्णव. शुक्रवारी पाणी आलं. सगळ्या बुडाल्या असत्या तर कुणालाच काही कळलं नसतं. ओळीनं बिल्ले, ओळीनं दाखले, विमा. पण एका गड्याला म्हशींचं ओरडणं सोसलं नाही. त्यानं सोडवलेल्या अकराजणी कातरलेले कान घेऊन परत आल्या. त्यांना विकताही येईना, मेलेल्या म्हणून पुरताही येईना. म्हणून त्या 'खरेदी' झाल्या. आणि ज्यानं सोडवल्या तो दारुडा झाला.

सम्मेदनं काकांकडे बघितलं. तात्यासाहेब पानाकडे बघत होते.

"मी त्यांना कसायाच्या दारात उभं केलं नाही," ते म्हणाले. "नदी आली. मी कुणाला हात लावला नाही, पद्माताई."

"नाही लावलात. एकीच्याही कानाला हात लावला असता, तर ते पान तुमच्यानं लिहवलं नसतं."

तात्यासाहेबांनी ते पान पालथं घातलं. मग हळू आवाजात बस्तीच्या जीर्णोद्धाराचं काढलं, कंपनीवर पोट असलेल्या आठशे घरांचं काढलं. अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' एवढे दोन शब्द पुरतील म्हणाले. पद्मावतींनी सगळं ऐकून घेतलं.  पश्चिमेला सूर्य टेकत होता. त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी उभ्यानं संपवलं आणि नमस्कार करून निघाल्या.

खाली फाटकाशी सम्मेद मागून आला. त्याच्या हातात सयाजी पोवारच्या पत्राची ऑफिसप्रत होती. खाली सही त्याचीच होती.

"मला टाईप करून आलेलं, मॅडम. मी वाचलंही नाही." त्यानं पत्र पुढे केलं. "ही सहीची प्रत आहे. ठेवा तुमच्याकडे. विचारतील तेव्हा मी सांगेन."

"आजच सांगायला हवं, सम्मेद."

त्यानं मान खाली घातली. तो सांगेल की नाही, हे पद्मावतींना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सामायिक झाल्यावर त्यांनी दिवसाचा नियम घेतला: निर्जळ उपवास. परतायला किती उशीर होईल ते सांगता येत नव्हतं. आधी शिरोळचं घर, मग शिरोळचंच पोलीस ठाणं, मग कंपनीचे लेखापरीक्षक. दीपा विचारत होती की सासूबाई, कागद लेखापरीक्षकांना मेल करता येत नाहीत का, या वयात एसटीनं कशाला? पद्मावतींनी पाण्याची बाटली पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली. तिच्या जागी दिनदर्शिकेचं पान, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, आणि अहवालाची एकच प्रत ठेवली. त्यात म्हशींच्या तक्त्यात 'मृत्यू' या ओळीला एक टीप होती, चार वाक्यांची. तिची सुरुवात एका माणसाच्या नावानं होत होती.

"आधी एकीला वाचून दाखवायचंय," त्या म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून जिना उतरू लागल्या.